वासाचा माग

मी सोनपेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. कित्येक वर्षं माझ्या तोंडाला वास येत होता आणि त्याचं मूळ सायनसमध्ये होतं. आता तो बराचसा गेला आहे. सोयाबीनच्या मळणीत आणि कडाक्याच्या थंडीत दुखणं अजूनही डोकं वर काढतं, त्यामुळे त्याच्याशी जमवून घेऊनच राहते. आपल्याकडे गुडघेदुखी, शुगर, बीपी यांच्या गप्पा परळीच्या एसटीत अनोळखी बायकाही मोकळेपणाने मारतात. तोंडाच्या वासाबद्दल सख्खी बहीणसुद्धा बोलत नाही. म्हणून मला जे कळत गेलं ते लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही. यातलं वैद्यकाचं जे आहे ते डॉक्टरांना विचारून समजून घेतलेलं आहे.

१. सांगणारं माणूस मिळालं तर त्याचे उपकार माना

मला सांगितलं ते शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. भांडी घासून झाल्यावर मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, राग नका येऊ देऊ. तुमच्या तोंडाला वास यायलाय. मव्हा भाऊ बी असाच होता, त्याच्या नाकात निघालं." एवढंच. आवाजात ना कीव, ना कुजबुज. त्या बाईंनी एका वाक्यात मला दुखणंही सांगितलं आणि ते कुठून येत असेल त्याची दिशाही दाखवली.

त्याआधी माझ्या भोवतीच्या माणसांनी आपापल्या परीने कळवलं होतंच. स्टाफरूममध्ये माझ्याकडे बडीशेपेची डबी आधी यायची. नणंद बोलताना पदर नाकाशी धरायची. पहिलीतलं लेकरू वहीवर वाकलेल्या माझ्यापासून मान मागे घ्यायचं. नवऱ्याला ठाऊक होतं. तो का बोलला नाही, असं मी पुढे विचारलं तेव्हा म्हणाला, "तुला लागेल म्हणून." त्याचं प्रेम खरं आहे, पण त्या गप्प राहण्याने माझ्या उपचाराचा काळ लांबला हेही खरं आहे.

म्हणून ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना सांगते. एकट्याला गाठा, एकदाच सांगा, सरळ शब्दांत सांगा, आणि सोबत दवाखान्यात चलण्याची तयारी ठेवा. वेलदोडा पुढे करून इशारा देऊ नका. इशारा कळतो आणि त्याने माणूस फक्त आक्रसून जातं. करोनाच्या काळात मास्क आला तेव्हा मला जो निर्धास्तपणा वाटला होता तो आज आठवला की वाईट वाटतं. सगळ्यांचे मास्क उतरले तरी माझा नाकावर राहिला, आणि धुळीची ॲलर्जी हे कारण मी पुढे करत राहिले.

२. सगळं पोटावर ढकलू नका

वास म्हटलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: "पोट साफ होत नसेल." मग त्रिफळा, एरंडेल, सकाळी उठून तांब्याभर कोमट पाणी, रात्री हे चूर्ण, पहाटे ते चूर्ण. मराठवाड्यात याबाबतीत प्रत्येक घर हा एक दवाखाना आहे. मीही हे सगळं मनापासून केलं. पोट साफ झालं. वास होता तिथेच राहिला.

अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर येते किंवा आम्लपित्त वर चढतं तेवढ्यापुरती ती उघडते. त्यामुळे दिवसभर श्वासासोबत येणारा वास पोटातून येण्याचं प्रमाण फार थोडं. बहुतेकांच्या बाबतीत, म्हणजे दहातल्या आठ-नऊ जणांत, तो तोंडातूनच येतो: जिभेच्या मागच्या भागावरचा थर, हिरड्यांची सूज, किडलेला दात. उरलेल्यांत मोठा वाटा नाक, सायनस आणि टॉन्सिलचा.

लसणीची गोष्ट जरा वेगळी आहे. तिच्यातला एक गंधकाचा पदार्थ पचनानंतर रक्तात उतरतो आणि फुप्फुसातून बाहेर पडतो, म्हणून दात घासूनही लसणीचा वास लगेच जात नाही. पण तो एक-दोन दिवसांत जातो. लसूण, कांदा, ठेचा बंद करूनही महिनोन् महिने टिकणाऱ्या वासाचं कारण जेवणात शोधत बसू नये. उपासाने तर वास वाढतो, कारण खाणं-चावणं थांबलं की लाळ कमी सुटते. एकादशीला माझी अवस्था सगळ्यात वाईट असायची.

३. आधी नाक की तोंड एवढं ठरवा

स्वतःचा वास स्वतःला नीट कळत नाही. नाकाला सतत येणाऱ्या वासाची सवय होते आणि ते त्याची दखल घेणं सोडून देतं. हाताच्या ओंजळीत फुंकून वास घ्यायची जी पद्धत आहे तिच्याने काही ठरत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला जी साधी चाचणी सांगितली ती कुणालाही घरी करता येते, फक्त विश्वासाचं दुसरं माणूस लागतं.

तोंड गच्च मिटायचं आणि फक्त नाकाने श्वास सोडायचा. समोरच्याने वास घ्यायचा. मग नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास सोडायचा, पुन्हा वास घ्यायचा. फक्त तोंडाच्या श्वासाला वास असेल तर आधी दातांचे डॉक्टर गाठावेत. नाकाच्या श्वासाला असेल तर मूळ नाकात किंवा सायनसमध्ये असण्याची शक्यता मोठी. नाकपुड्या आळीपाळीने बंद करून कोणत्या बाजूला वास जास्त आहे तेही पाहावं. नाक आणि तोंड दोन्हींकडून सारखाच येत असेल तर डॉक्टरांकडून पुढची तपासणी करून घ्यावी.

माझी चाचणी घेतली माझ्या मुलीने. तिने जराही तोंड न वाकडं करता सांगितलं, "नाकाचा जास्त आहे, आणि उजवीकडचा." या "उजवीकडच्या" शब्दाचं महत्त्व आम्हाला दोघींनाही तेव्हा कळलं नव्हतं.

४. नाकाचं दुखणं असलं तरी जीभ सोडू नका

सायनसमधला घट्ट चिकट स्राव नाकाच्या मागून घशात उतरतो. आपण त्याला घशात कफ उतरतो म्हणतो आणि दिवसभर खाकरत राहतो. तो जिभेच्या अगदी मागच्या भागावर साचतो. तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू असतात. त्या स्रावातली प्रथिनं खाऊन ते गंधकाचे वायू सोडतात: कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड आणि त्याच्याहून उग्र मिथाइल मर्कॅप्टन. म्हणजे माल नाकातून येतो आणि वास बराचसा जिभेवर तयार होतो. म्हणून रात्री झोपताना जीभ मागपर्यंत हलक्या हाताने घासून काढल्यावर दुसऱ्या दिवसाची सकाळ बरी जाते.

सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते त्यांतल्या बऱ्याच गोळ्या तोंड कोरडं करतात. नाक थांबतं आणि वास वाढतो. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशनेही कोरडेपणा वाढू शकतो. नाक चोंदलेलं माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेतं, ते वेगळंच. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवणं मला कोणत्याही गोड गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडलं. आमच्या भागात मिश्री आणि तंबाखू यांनी हिरड्यांची जी वाट लावली आहे ती पाहता, मिश्री लावणाऱ्या बाईने सायनसचा विचार करण्याआधी हिरड्या दाखवाव्यात हेच बरं.

५. सायनस म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या

"मला सायनस आहे" असं आपण म्हणतो. सायनस सगळ्यांनाच असतात. नाकाच्या भोवती हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत: गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि खोल मागे. त्यांच्या आतल्या अस्तरातून पातळ स्राव पाझरतो आणि बारीक छिद्रांतून नाकात येतो. सूज आली की छिद्र बुजतं, स्राव अडतो, घट्ट होतो, पिकतो. बारा आठवड्यांच्या वर हे चालू राहिलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात.

गालातली पोकळी सगळ्यात मोठी. जुन्या वाड्यांत भिंतीतलं धान्याचं बळद असायचं, ज्याचं तोंड वर असायचं, तशी ती आहे: बाहेर पडायची वाट वरच्या अंगाला. उभ्या माणसाच्या गालातला स्राव आपोआप खाली निचरूच शकत नाही. अस्तरावरचे डोळ्यांना न दिसणारे केस त्याला ढकलत वर, त्या छिद्राकडे नेतात. पूर्वी शस्त्रक्रियेत या पोकळीला खालच्या बाजूला नवं भोक पाडत. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेसरक्लिंगर या डॉक्टरांनी स्रावाच्या वाटांचा अभ्यास केला. खाली भोक असलं तरी हे केस स्रावाला मूळच्या वरच्या छिद्राकडेच नेतात, हे त्यातून स्पष्ट झालं. आजची दुर्बिणीतून होणारी सायनसची शस्त्रक्रिया या समजुतीवर उभी आहे. मूळ वाट मोकळी करायची, बाकी निसर्ग करतो.

हे कळल्यावर माझ्या दुखण्याचे दिवस मला उलगडले. धूर, धूळ, कोरडी थंड हवा आणि ॲलर्जी यांनी अस्तर सुजतं आणि केसांचं काम मंदावतं. आमच्याकडे या चारही गोष्टी भरपूर. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावभर भुसकट उडतं. परळीच्या बाजूला निघालं की वीजकेंद्राची राख वाहणारे टिप्पर पुढे असतात. पावसाळा सरता सरता पडीक रानात गाजर गवत फुललेलं असतं. हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा १९५५ च्या सुमारास पुण्यात लक्षात आलं, आणि आता मराठवाड्याचा एकही बांध त्याच्यावाचून राहिलेला नाही. पुढे थंडी. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा ५ अंशांच्या आसपास उतरल्याची बातमी पेपरात आली की त्या आठवड्यात माझं नाक बंद, हे ठरलेलं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांच्या पुढे घालू नका. ते क्षणात नाक उघडतात, म्हणून त्यांची ओढ लागते. सवय लागली की थेंबांचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. आमच्या शेजारचे एक काका खिशात ती बाटली घेऊनच फिरायचे. डॉक्टर रोजच्या वापरासाठी देतात तो सूज उतरवणारा फवारा वेगळा. त्याचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तो मारायची रीत आहे: उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, बाटलीचं तोंड बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळवून. नाकाच्या मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर रक्त येतं.

६. एकाच बाजूचं नाक वाहत असेल तर दाढ तपासा

माझ्या सगळ्या अनुभवात हा धडा सगळ्यात मोलाचा आहे.

माझं डावं नाक नेहमी मोकळं असायचं. उजव्या गालात जडपणा, उजव्या बाजूने पिवळसर स्राव, आणि पुढे वाकलं की आतल्या आत घाण वास. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की काही आठवडे बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. एका दवाखान्यात ॲलर्जी सांगितली, दुसरीकडे नाकाचं हाड वाढलंय म्हणाले. दातांच्या डॉक्टरांनी दात साफ करून दिले आणि तोंडात काही नाही असं सांगितलं. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत पाहिलं, आणि त्या हद्दीपुरतं प्रत्येकाचं बरोबरही होतं.

उलगडा झाला तो अंबाजोगाईला. आमच्या बाजूच्या माणसांना परळीमार्गे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय परभणीपेक्षाही सवयीचं. तिथल्या कान-नाक-घसा विभागातल्या तरुण डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून नाक पाहिलं आणि मग विचारलं, "वरच्या दाढेचं काही काम केलंय का कधी?" केलं होतं. उजव्या बाजूच्या वरच्या दाढेचं रूट कॅनॉल होऊन वर कॅप बसवलेली होती. कित्येक वर्षांत तिने कधी त्रास दिला नव्हता. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की त्या दाढेच्या मुळाशी हाड झिजलं आहे आणि त्याच्या बरोब्बर वरची गालातली पोकळी स्रावाने भरली आहे. डाव्या बाजूची पोकळी स्वच्छ काळी दिसत होती.

वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला अगदी खेटून असतात. काही जणांत मधे कागदाइतकं पातळ हाड असतं, काहींत नुसतं अस्तर. मुळाशी पू झाला की तो वर सायनसमध्ये शिरतो. तोंडातले हवेशिवाय जगणारे जिवाणू सोबत जातात, म्हणून या प्रकाराला वास फार. आणि रूट कॅनॉलमध्ये दाढेची नस काढून टाकलेली असल्यामुळे आतल्या आत कुजणाऱ्या त्या दाढेत कळ उठत नाही. दुखत नाही म्हणून कुणी तिच्याकडे पाहत नाही. दातांच्या छोट्या एक्स-रेमध्येही हे सुटू शकतं. गालातल्या सायनसच्या जुनाट दुखण्यात दाताचा हात असण्याचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत १० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत सांगितलेलं आहे. एकाच बाजूच्या दुखण्यात ते आणखी जास्त.

दाढ काढली. पुढे सायनसची वाटही दुर्बिणीतून मोकळी करावी लागली. त्यानंतर मुलीने पुन्हा तीच चाचणी घेतली आणि नुसती मान हलवून हसली.

लहान लेकराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर त्याला सर्दी समजू नका. शेंगदाणा, चिंचोका, खडूचा तुकडा, मणी, काहीतरी आत अडकलेलं असण्याची शक्यता असते. खेळण्यातला बटणासारखा सेल असेल तर तो काही तासांत आतलं अस्तर जाळतो. घरी चिमटा घालू नका, त्याने वस्तू आणखी आत जाते. माझ्या वर्गातल्या एका पोराच्या नाकातून असाच हरभरा निघाला. फुगून त्याचा आकार दुप्पट झाला होता.

७. शस्त्रक्रियेची भीती आणि तिचा खरा आवाका

२०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस आला आणि आमच्या भागात सायनस या शब्दाचीच दहशत बसली. करोनातून उठलेली, शुगर वाढलेली माणसं. कुणाचा डोळा काढला, कुणाचा वरचा जबडा. ते ज्यांनी पाहिलं त्यांना नाकाचं ऑपरेशन म्हटलं की आजही तेच डोळ्यांपुढे येतं. तो बुरशीचा वेगळा आजार आहे. पण त्यातून एक सावधगिरी घ्यावी: मधुमेह असलेल्या माणसाला गालावर सूज, बधिरपणा, डोळ्याभोवती दुखणं किंवा नाकातून काळपट स्राव दिसला तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.

साध्या जुनाट सायनसची शस्त्रक्रिया नाकपुडीतूनच होते, चेहऱ्यावर व्रण राहत नाही. "ऑपरेशन करूनही पुन्हा होतंच" हे वाक्य तुम्हाला दहा जण ऐकवतील. त्यात तथ्य एवढंच की शस्त्रक्रिया वाट मोकळी करते, ॲलर्जी मोकळी करत नाही. नंतर नाक धुणं आणि फवारा सोडून दिला तर अस्तर पुन्हा सुजतं. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावं.

८. नाक धुवा, पण उकळलेल्या पाण्याने

जलनेती आपल्याकडची जुनी क्रिया. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि योगातल्या अशा क्रिया प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासायला घेतल्या. आज जगभरचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जुनाट सायनसला मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतात.

पाव लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा सपाट मीठ, हवा तर चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलं. बोअरचं नको, नळाचं नको, आणि दुकानातून येणारं जारचं पाणीही उकळल्याशिवाय नको, ते कितीही स्वच्छ दिसो. पोटात गेलं तर निरुपद्रवी ठरणारा एक अमिबा नाकातून मेंदूपर्यंत पोचतो आणि त्यातून माणूस वाचणं दुर्मीळ. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसं अशीच दगावली. केरळात अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या रुग्णांच्या बातम्या २०२४ आणि २०२५ मध्ये आपण वाचल्याच आहेत.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी नाक धुते. दिवसभराचा खडू आणि रस्त्याची धूळ निघून जाते. वाफाराही घेते, त्याने बरं वाटतं. पण दोन्हींतून एकच करायला वेळ असेल तर नाक धुणं निवडते.

९. हे पाप नाही, रोग आहे

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात चहाडखोराला नाकाची आणि चुगलखोराला तोंडाची दुर्गंधी येते असं म्हटलं आहे, म्हणजे मागच्या पापाचं फळ म्हणून. याच मातीतला सुश्रुत उत्तरतंत्रात नाकाचे ३१ रोग मोजतो. नाकातून आणि तोंडातून दुर्गंधी येणारा पूतिनस्य त्यांतला एक. सुश्रुत त्याचं कारण शरीरात शोधतो आणि उपचार सांगतो. दोन्ही वारसे आपलेच आहेत, आणि खेदाने म्हणावं लागतं की व्यवहारात आपण पहिल्यालाच धरून बसलो आहोत.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचं हे मी जवळून पाहिलं. तिच्या नाकात सुकलेल्या खपल्या साचायच्या आणि वास इतका असायचा की खोलीत बसवत नसे. तिला स्वतःला तो अजिबात येत नसे. नाकाच्या अस्तराची झीज होण्याच्या त्या आजारात वास घेणाऱ्या नसाच मरतात. लोक आपल्यापासून का उठून जातात हे त्या पोरीला कळत नव्हतं, आणि सोयरीक मोडेल या धास्तीने घरच्यांनी तिला दवाखान्यातही नेलं नाही. हा आजार मुलींमध्ये जास्त दिसतो, वयात येताना सुरू होतो. दुर्लक्ष झालं तर त्यात माशी बसून नाकात अळ्या पडल्याचीही उदाहरणं आहेत. नियमित नाक धुणं, खपल्या काढणं, औषधाचे थेंब यांनी तो आटोक्यात राहतो. ती आता नर्सिंग शिकते आहे.

दुसऱ्या टोकाचीही माणसं असतात. त्यांच्या तोंडाला वास नसतो, पण आहे अशी खात्री त्यांच्या मनात घट्ट बसलेली असते. समोरच्याने नाक खाजवलं तरी ते आपल्यामुळे असं वाटतं, घराबाहेर पडणं बंद होतं. बरी झाल्यावर मलाही काही काळ असंच वाटत राहिलं. दोन-तीन जणांनी खात्रीने वास नाही सांगितलं तरी मन मानत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. त्याला औषध आहे, समुपदेशन आहे, आणि ते दुखणंही तितकंच खरं आहे.

१०. सध्याचा माझा दिनक्रम

मळणी सुरू व्हायच्या आधी फवारा सुरू करते. त्या दिवसांत घराबाहेर मास्क लावते, वर्गात मात्र काढते. सहा महिन्यांनी दात दाखवते. वास आलाच तर सांगायचं हे मुलीला आणि खिचडीच्या मावशींना बजावून ठेवलं आहे. त्या सांगतात, मी नाक पाहून घेते, आणि दिवस पुढे जातो. पहिलीच्या पोरांना अक्षर गिरवायला शिकवताना त्यांच्या वहीवर वाकते आणि मोकळेपणाने बोलते.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या वरच्या दाढेचं कधी काम झालं असेल आणि नाक एकाच बाजूने वाहत असेल, तर पुढच्या वेळी दातांच्या डॉक्टरांना नाकाचं सांगा आणि नाकाच्या डॉक्टरांना दाढेचं सांगा. दोघांनाही वासाचं सांगा. त्यांनी विचारायची वाट पाहू नका.